राखेत दम न्हाई

गावात लग्न असलं की बाकीच्या बायका नवरीचे दागिने बघायला जायच्या, आमची सरूकाकू पत्रावळ्या बघायला. पंगत उठली रे उठली की पदर खोचून ती उष्ट्या पत्रावळ्या टोपल्यात भरायची आणि थेट आपल्या रानाची वाट धरायची. ज्या घरानं थर्माकोलच्या ताटल्या आणल्या, ते घर तिच्या मनातून कायमचं उतरायचं. वालूरच्या आसपास तिला पाचोळाकाकू म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला ठाऊक होतं, आणि ते नाव तिला आवडत असावं असा मला दाट संशय आहे.

या वेडाचं मूळ आमच्याच घरात होतं. काकू म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्याची बायको. वाटणीची रीत अशी, की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. आमच्या दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती अजिबात मोडली नाही. वाटे पाडले आणि धाकट्या भावाकडं नुसतं बघितलं. चुलता इतका भिडस्त, की काळ्याभोर जमिनीचा वाटा सोडून नाल्याकडचा बरड तुकडा त्यानं स्वतःच्या तोंडानं मागून घेतला. काय हे भावाभावांचं प्रेम, असं सगळे म्हणाले. पुढं चुलता गेला. मूलबाळ नव्हतं. काकूपाशी राहिला तो मुरमाड तुकडा, ज्यावर पावसाचं पाणी थांबत नव्हतं आणि चार दिवस उघडीप पडली की पीक माना टाकत होतं. आता त्यावर पोट भरायचं, नाहीतर माहेरी जाऊन भावजयीच्या हाताखाली भाकरी थापायची.

दादांनी मोठ्या मनानं निरोप पाठवला, "रान मी बघतो म्हणावं." निरोप अशासाठी, की थोरला दीर आणि धाकटी भावजय यांनी एकमेकांशी थेट बोलायचं नाही, असा आमच्याकडचा दंडक. दोघं एकाच खोलीत असली तरी सगळं बोलणं माझ्या आईमार्फत चालायचं. काकूनं दाराआडून उत्तर दिलं, "आक्का, त्यांना म्हणा, आदी आपलं रान बघा."

आमच्या भागात चांगला शेतकरी ओळखायचा तो त्याच्या साफ रानावरून. उन्हाळ्यात कापसाच्या पऱ्हाट्या उपटायच्या, ढीग करायचा, काडी लावायची. सोयाबीनच्या भुसकटाचंही तेच. दादांचं रान तर सारवलेल्या अंगणासारखं दिसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्या पाहुण्यांना ते कौतुकानं दाखवायचे. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, पलीकडं काकूच्या रानात मात्र तोडलेल्या पऱ्हाट्या, शेण, लिंबाचा पाला आणि अख्ख्या गावाची लग्नं कुजत पडलेली असायची. दादा आईला म्हणायचे, "रानाला अवदसा आल्यावानी दिसायलंय, सांग तिला." काकूचं उत्तर ठरलेलं असायचं. "आक्का, त्यांना म्हणा, जाळलं की राख होतीय. राखेत दम न्हाई. कुजलं की माती होतीय."

काकू काही संत नव्हती. आमची गाय शेपटी उचलायचा अवकाश, आईच्या आधी ती पाटी घेऊन हजर. लोकांच्या दारचा पाला ती न विचारता झाडून न्यायची, आणि कुणी रानात काडी पेटवायला निघाला तर त्याच्या हातातली काडेपेटी काढून घ्यायची. "जाळू नगा, मी नेते." फुकटात रान साफ होतंय म्हणून लोक खूश, फुकटात माती मिळतीय म्हणून काकू खूश. दादांच्या रानातलं भुसकटही असंच वर्षानुवर्षं तिच्या टोपल्यातून धुरा ओलांडत राहिलं, आणि दादा त्याला 'तेवढीच बिचारीला मदत' म्हणत.

उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते म्हणतात, तशी त्या बरडाचीही फिटली. एका वर्षी ऐन शेंगा भरायच्या वेळी पावसानं दडी मारली. दादांच्या काळ्या रानाला भेगा पडल्या, सोयाबीन पिवळं पडून बसलं. काकूचं रान हिरवंगार उभं होतं. दादा धुरा ओलांडून गेले, वाकले, मातीत बोटं घातली. हाताला ओल लागली.

मग दादांचं मन त्यांना खाऊ लागलं. एका सकाळी ते आमच्या ओसरीवर बसून, दाराआड उभ्या काकूला ऐकू जाईल अशा आवाजात आईला म्हणाले, "धाकट्यावर त्या टायमाला लय अन्याय झाला. मला सारखं वाटायलंय, तिला काळं रान देऊन तो बरड तुकडा आपण घ्यावा."

उत्तर दाराआडूनच आलं.

"आक्का, त्यांना म्हणा, खुशाल न्या. जमीन मामंजींची हाय. पण वरची माती मी टोपल्यानं आणलेली हाय. तेवढी इथंच ठिवून जमीन न्या."

दादांनी चहा संपवला. तो विषय पुन्हा निघाला नाही.

गेल्या वर्षी काकू आजारानं खिळली. शेवटी शेवटी ती डोळे मिटूनच असायची. तिला झोप लागली असं समजून दादा हळूच आईला म्हणाले, "तिचा लय जीव त्या रानात. राख बी तिथंच टाकू." काकूनं डोळे उघडले, पडल्यापडल्या पदर डोक्यावर ओढला आणि आयुष्यात पहिल्यांदा थेट दादांशी बोलली.

"भाऊजी, काय बी काय बोलायलाव? राखेत दम न्हाई. राख गंगाखेडला सोडा. तेराव्याच्या पत्रावळ्या तेवढ्या रानात टाका."

तेराव्याला आचाऱ्यानं आणलेल्या कागदी ताटल्या दादांनी परत पाठवल्या आणि जिंतूरकडून जीपनं पळसाच्या पत्रावळ्या मागवल्या. पंगत उठल्यावर त्यांनी धोतर खोचलं, उष्ट्या पत्रावळ्या टोपल्यात भरल्या आणि टोपलं स्वतःच्या डोक्यावर घेतलं. कुणाला हात लावू दिला नाही. मी नुसता मागून चालत गेलो.

काकूच्या मागं कुणी नसल्यानं तो तुकडा आता दादांकडंच येणार होता, मातीसकट. जे मागितलं होतं ते सगळं मिळालं होतं. टोपलं रिकामं करून ते तिथंच मातीत बसले आणि ढसाढसा रडले. आई घरी राहिली होती, त्यामुळं निरोप कुणामार्फत द्यायची सोयही उरली नव्हती.

"सरू," दादा म्हणाले, "टाकल्या बघ."