फटाका वाजवणारी गाडी

"काहून होत नाही?"

कुणी 'नाही होत' म्हटलं की ओढणीच्या टोकानं सीट पुसत बाई हे विचारायच्या आणि उत्तराची वाट न पाहता किक मारायच्या. आमच्या कळंबच्या बाजूला नर्सबाई म्हणून त्या सगळ्यांना ठाऊक होत्या. नवऱ्याच्या माघारी त्याची जुनी मोटरसायकल त्यांनी विकली नाही, शिकून घेतली. गिअरच्या गाडीवर बाई पाहून चौकात लोक माना वळवायचे. बाईंची मान मात्र सरळ.

माझं गॅरेज रस्त्यालाच, त्यामुळे त्यांची गाडी माझ्या गळ्यात पडली होती. तिचा एक रोग होता. उतारावर रेस सोडली की सायलेन्सरमधून फाट् करून फटाका वाजायचा. तुम्हीही अशी एखादी गाडी ऐकली असेल आणि पोरगं मुद्दाम आवाज करतंय म्हणून शिव्याही घातल्या असतील. कारण साधं असतं. इंजिनातून निघणाऱ्या धुरात ताजी हवा सोडणारी एक नळी असते. उरलंसुरलं पेट्रोल तिथेच जळावं आणि धूर कमी घाण व्हावा म्हणून कंपनी ती बसवते. तिचा व्हॉल्व बिघडला की हवा नको तेव्हा आत शिरते आणि फटाका फुटतो.

एके दिवशी बाई तणतणत आल्या. "भाऊ, ते नळी काढून टाक."

"नवा व्हॉल्व मिळाला की बदलतो ना."

"कधी मिळंल? तांड्याच्या उतारावर गाडी वाजते आन पोरं पळतात. मी पोचतो तवा तांड्यात एक पोरगं नसते. लस कोणाले देऊ, म्हशीले?"

खरंच होतं ते. फटाका ऐकला की सुईच्या धाकानं पोरं कपाशीत दडायची. बाई त्यांना सऱ्यासऱ्यांतून शोधायच्या. पण नळी काढणं नियमात बसत नाही, धूर तपासणीत अडकाल, असं मी बजावलं.

"मी अडकीन. पोरायची लस नको अडकाले."

या बाईशी वाद घालून जिंकलेला माणूस मी तरी पाहिला नाही. नळी काढली, इंजिनच्या डोक्यावरचं तिचं भोक पत्र्याची पट्टी कापून, गॅस्केट लावून बंद केलं. गाडी एकदम शहाणी झाली. पुढच्या फेरीहून बाई हसत आल्या. पोरं अंगणात खेळता खेळता सापडली होती.

सविता मात्र बाईंच्या नजरेतून सुटली. तांड्यातली ही पोर आठव्या महिन्यात होती, पाय सुजलेले, बीपी वाढलेलं. ती लांबच्या वावरात निंदायला जायची आणि उतारावर फटाका वाजला की खुरपं टाकून तपासून घ्यायला घरी यायची. त्या दिवशी गाडी वाजलीच नाही. घराला कडी पाहून बाईंना वाटलं, माहेरी गेली असेल. संध्याकाळी घरच्यांनी तिला झटके येत असताना ऑटोत घालून कळंबच्या दवाखान्यात आणलं. तिथून यवतमाळला नेलं. दोघी वाचल्या, ती आणि तिची मुलगी. पण तोवर बाईंनी पाण्याचा घोट घेतला नव्हता.

यवतमाळहून त्या थेट गॅरेजवर आल्या. डोळे सुजलेले, आवाज मात्र ठाम.

"पट्टी काढ. नळी लाव परत."

"बाई, पोरं पळतील."

"पळू दे. पोरं दडली तं शोधीन मी. वावरातल्या बाईले कोण सांगन मी आली म्हणून?"

नळी परत बसली, फटाका परत वाजू लागला. काही महिन्यांनी नागपूरहून नवा व्हॉल्व आला. मी मोठ्या हौशीनं दाखवला, तर त्यांनी तो माझ्याच खणात टाकला. तो अजून तिथेच आहे.

बाई निवृत्त झाल्या आणि नाशिकला लेकीकडे गेल्या. गाडी माझ्याकडे ठेवली. नव्या सिस्टर चांगल्या आहेत, पण त्यांची स्कूटर बॅटरीवरची. येते कधी, जाते कधी, कोणाला पत्ता लागत नाही.

मागच्या महिन्यात तांड्यावर कुणाचं पंपाचं इंजिन बिघडलं म्हणून मी बाईंची गाडी घेऊन निघालो. उतारावर रेस सोडली. फाट्! अंगणातली पोरं कपाशीकडे धूम पळाली. कपाशीत वाकलेल्या बाया सरळ झाल्या. एक तर पोटावर हात ठेवून पार बांधापर्यंत आली. मी हेल्मेट काढलं, तसा तिचा चेहरा उतरला.

"बाई नाई आल्या?"

फार वाईट वाटलं. इंजिन बाजूला ठेवून तिथूनच बाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"नव्या सिस्टरले माही गाडी दे."

"त्यांना गिअरची गाडी येत नाही, बाई."

"काहून येत नाही?"

तेव्हापासून नव्या सिस्टर रोज सकाळी माझ्या गॅरेजमागच्या मैदानात क्लच सोडायला शिकतात. गाडी गचके खाते, बंद पडते. "माझ्यानं नाही होत," म्हणून त्या माझ्याकडे पाहतात. मी हातातला पाना खाली ठेवतो आणि बाईंच्याच आवाजात विचारतो.