पुस्तकी ताई

घरात तिला ताई म्हणत आणि पाठीमागे पुस्तकी ताई. शिवणाच्या कारखान्यात दिवसभर काजं-बटणं करायची आणि घरी आली की वाचनालयातली जाडजूड कादंबरी घेऊन बसायची. लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही. जग म्हणून जे पाहिलं ते कागदावर. भाऊ म्हणायचा, "ताईला पोहता येतं, फक्त पाण्यात उतरायचं राहिलंय." तीही हसायची.

हा धाकटा भाऊ घड्याळजी. वर्षभरापूर्वी त्याचे हात थरथरायला लागले, केसाएवढा स्क्रू धरता येईना, आणि दुकान बंद झालं. माणूस पार खचला. अन्नावरची वासना उडाली, बोलणं तुटलं.

आणि या रविवारी तो अचानक खुलला. दाढी केली, बायकोची थट्टा केली, दोन घास जास्त खाल्ले. भिंग आणि चिमट्यांची पेटी सकाळीच समोरच्या घड्याळवाल्याला फुकट देऊन आला, तेही ज्याच्याशी जन्मभर उभा दावा, त्याला. भावजयीला हायसं वाटलं. ताईने मात्र हातातली कादंबरी मिटली. असा हलका झालेला, सगळं वाटून मोकळा झालेला माणूस तिने तीन-चार कादंबऱ्यांत पाहिला होता. त्यापुढची पानं तिला माहीत होती.

की पुस्तकांनीच डोकं फिरवलंय आपलं? चुकलं तर जन्माचं हसं. आणि गप्प बसलं तर? तेवढ्यात भाऊ चपला घालून म्हणाला, "जरा पुलापर्यंत जाऊन येतो."

ताई दार अडवून खालीच बसली. "तू जीव द्यायला निघालायस का?"

"वन्सं, अभद्र बोलू नका," भावजय कडाडली. "पुस्तकातलं पुस्तकात ठेवा." त्याने हसून उडवून लावावं म्हणून ती नवऱ्याकडे वळली. तो हसला नाही. तसं काही नाही, असंही म्हणाला नाही. भिंतीला टेकून तिथेच खाली बसला, आणि गुडघ्यांवरचे त्याचे दोन्ही हात थडथड उडू लागले.

ताईने ते हात धरले. कादंबऱ्यांत इथवर कोणी पोचतच नसे. सगळे उशिरा यायचे आणि प्रकरण संपायचं. इथून पुढे काय बोलायचं, हे तिने कुठेच वाचलं नव्हतं.

"मला काही सुचत नाही रे," ती म्हणाली. "पण मी इथून उठणार नाही."

भावजय पुढे आली. तिने नवऱ्याच्या पायांतल्या चपला काढल्या आणि त्याच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसली.