गोलकीपरचा राहिलेला पेपर

आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमनं मी आल्यापासून स्पर्धेतली एकही मॅच जिंकलेली नाही. हे कौतुकानं सांगत नाही, पण लपवतही नाही, कारण आजूबाजूच्या सगळ्या कॉलेजांना ते ठाऊक आहे. स्पर्धेच्या चिठ्ठ्या निघताना ज्याच्या समोर आमचं नाव येतं, तो शिक्षक माझ्याकडे बघून जरा जास्तच प्रेमानं हसतो. मी इथला खेळाचा शिक्षक. बारा वर्षं झाली. पोट सुटलं, गुडघे कुरकुरायला लागले, शिट्टी तेवढी पहिल्या दिवशीची आहे.

ग्राउंड म्हणाल तर काळी जमीन. उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात बुटाला किलोभर चिखल. गोलचे खांब बोअरच्या जुन्या पाइपांचे, गावातल्या वेल्डिंगवाल्यानं जोडून दिलेले. जाळी मिळेना म्हणून एकदा पालीच्या धरणावर मासे धरणाऱ्यांकडून फाटकं जाळं मागून आणलं आणि तेच बांधलं. महिनाभर त्याला माशांचा वास येत होता. एक पोरगा म्हणाला, "सर, जाळं लई लकी हाय. रोज भरतंय." त्याच्यावर ओरडलो, पण खरं तेच होतं.

आमची खरी अडचण मात्र ग्राउंड नव्हती, तारीख होती. फुटबॉलची स्पर्धा दरवर्षी दिवाळीनंतर यायची, आणि आमची निम्मी पोरं दसरा झाला की आईबापांबरोबर ऊस तोडायला निघून जायची. जून-जुलैपासून घासून तयार केलेली टीम ऐन वेळी ट्रकमध्ये बसून कुठल्या कुठं जायची. उरलेली पोलीस भरतीवाली. त्यांना खेळाचं सर्टिफिकेट हवं असतं, खेळ नको असतो. चेंडू पायात आला की सोळाशे मीटरची परीक्षा असल्यासारखी पळत सुटतात, शेजारच्याला पास म्हणून द्यायचा नाही. गेल्या वर्षी तर नऊ जण आणि वर दोन कबड्डीवाले असे अकरा करून नेले. त्यातल्या एका कबड्डीवाल्यानं पहिल्याच मिनिटाला समोरच्याची कंबर धरली. मी डोळे मिटून घेतले.

त्या सगळ्या पसाऱ्यात एकच पोरगा खेळाडू म्हणावा असा होता. तो आमचा गोलकीपर. नांदूरघाटच्या बाजूच्या एका वस्तीवरचा. आईबाप ऊसतोडीला गेले की हा आजीपाशी राहून कॉलेज करायचा. त्याला झेलायला मी शिकवलेलं नाही, मला स्वतःलाच ते येत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो सिरसाळ्याला टरबुजं भरायला जायचा. खालून एक जण टरबूज फेकतो, गाडीवरचा ते अलगद झेलतो आणि रचतो. फुटलं तर शिव्या. तीन उन्हाळे हे केल्यावर फुटबॉलचं त्याला काय वाटणार? चेंडू छातीशी घ्यायचा तोसुद्धा जपून, फुटेल की काय अशा बेतानं.

गेल्या वर्षीची मॅच आम्ही चार गोलांनी हरलो. तो नसता तर चौदांनी हरलो असतो. मॅच संपल्यावर समोरच्या टीमचे शिक्षक मुद्दाम चालत आले आणि माझ्याशी नाही, त्याच्याशी हात मिळवून गेले. परत येताना बस स्टँडवर आम्ही सगळे चहा पीत उभे होतो. पोरं दमली होती, तोंडं पडली होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी त्याला म्हणालो, "तू तर आता तिसऱ्या वर्षाला. पुढच्या वर्षी गोलात कोणाला उभं करू रे? असं कर, एखादा विषय ठेव मागं, म्हणजे अजून एक वर्ष सापडशील." सगळे हसले. तोही हसला. मला बरं वाटलं, पोरांचे चेहरे जरा खुलले म्हणून. बस आली, आम्ही चढलो, आणि हे बोलणं मी विसरून गेलो.

यंदा जूनमध्ये प्राचार्यांनी बोलावून घेतलं. ते वाईट माणूस नाहीत, फक्त त्यांना माझा कंटाळा आलाय. मलाही आलाय, पण ते मी बोलत नाही. म्हणाले, "सर, यंदा एक तरी मॅच जिंका. नाहीतर पुढच्या वर्षी फुटबॉलचं नाव काढायचं नाही. कबड्डी आहे, कुस्ती आहे, तिकडं लक्ष द्या." मी मान हलवली. बारा वर्षांत मान हलवण्याचा सराव चांगला झालाय.

आणि मग आठच दिवसांत विद्यापीठाचं वेळापत्रक आलं. फुटबॉल दसऱ्याच्या आधी! मी तो कागद तीनदा वाचला. बारा वर्षांत पहिल्यांदा माझी सगळी पोरं गावात असताना स्पर्धा होणार होती. उगाच आशा धरायची नाही असं मी मनाला बजावून ठेवलेलं, तरी घरी जाताना स्कूटरवर मी शिट्टी वाजवत होतो. बायकोनं विचारलं, "काय झालं आज?" म्हटलं, "काही नाही, कागद आला."

सरावाच्या पहिल्या दिवशी ग्राउंडवर गेलो तर गोलात कोणीतरी आधीच उभं. अंगठ्याला फाटलेले तेच हातमोजे, तेच टरबूजवालं उभं राहणं. मला आधी आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. मग विचारलं, "तू इथं कसा? रिझल्ट लागला ना?"

"राह्यला की एक," तो म्हणाला, आणि चक्क हसला. "इतिहास. तुमीच म्हनलते न सर, एक ठेव मागं म्हनून."

मी म्हणालो, "अरे, जमला नाही का पेपर?"

"जमत व्हता सगळा. शेवटचे दोन प्रश्न सोडून उठलो."

ज्याचा चालू वर्षाचा प्रवेश नाही, त्याला कॉलेजकडून खेळता येत नाही. हा नियम मला पाठ आहे. त्या दिवशी स्टँडवरही पाठ होता. म्हणून तर तो विनोद होता. आणि हे त्याला तिथल्या तिथं सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. म्हटलं, चल, सराव सुरू कर.

एक आठवडा गेला, दोन गेले. रोज ठरवायचो आज सांगायचं, आणि रोज तो इतकं छान झेलायचा की उद्यावर ढकलायचो. मागं तो उभा आहे म्हटल्यावर पुढची पोरंही धीट झाली. पोलीस भरतीवाल्यांनी चक्क एकमेकांना पास दिले. शेजारच्या तालुक्यातल्या एका कॉलेजबरोबर आम्ही सरावाची मॅच ठेवली आणि एका गोलानं जिंकलो. सरावाची का होईना, जिंकलो. पोरांनी मला उचलायचा प्रयत्न केला, माझं वजन बघून खाली ठेवलं. त्या संध्याकाळी मी स्वतःला समजावलं, काहीतरी वाट निघेल. भित्रा माणूस नेहमी असंच समजावतो.

मग खेळाडूंच्या यादीचा कागद भरायची वेळ आली. नावासमोर सध्याचा वर्ग लिहायचा असतो. मी ऑफिसात आमच्या जुन्या क्लार्ककडे गेलो आणि आडून आडून विचारलं. त्यानं चष्म्यावरून बघितलं.

"सर, तुमाला म्या सांगावं का? नापास पोरगं म्हंजी बाहेरचं पोरगं." मग कागद परत देता देता म्हणाला, "पास झालं असतं तर एमएला घेतलं असतं की त्याला. जागा रिकाम्याच पडल्यात. दोन वर्षं खेळलं असतं."

हे माझ्या डोक्यातच आलेलं नव्हतं. पास होऊन तो राहिला असता. एक नाही, दोन वर्षं. हे मी त्याला परीक्षेच्या आधी, सरळ, न हसता सांगितलं असतं तर पोरगा दोन प्रश्न काय, चार पुरवण्या लिहून आला असता. मी ऑफिसच्या बाहेर येऊन पायरीवर बसलो. कुणी विचारलं तर ऊन लागलं म्हणून सांगणार होतो, पण कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी सराव झाल्यावर त्याला थांबवलं आणि सगळं सांगितलं. नियमाचं, एमएचं, माझ्या दोन आठवड्यांच्या गप्प बसण्याचंही. तो हातमोज्याचा फाटका अंगठा कुरवाळत ऐकत राहिला.

"घरी काय सांगितलंस?" मी विचारलं.

"पेपर अवघड व्हता म्हनलं." मग म्हणाला, "आई म्हनलती, पास झालास की तुला फडात न्हेनार न्हाई. आता न्हेतेत. मला वाटलं व्हतं, आधी खेळतो, मग जातो. एका साली काय हुतंय."

राहिलेल्या पेपरची परीक्षा दिवाळीनंतर आहे. तेव्हा तो कुठल्यातरी कारखान्याच्या हद्दीत, उसाच्या फडात असेल. मी म्हणालो, "परीक्षेला मी तुला आणायला येतो. कुठंही असलास तरी येतो." त्यानं मान हलवली. ती मान मला ओळखीची वाटली, माझ्यासारखीच.

मला राग आला होता, त्याचाही. मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, "अरे पण सगळे हसले होते ना तेव्हा! तूसुद्धा हसलास. विनोद होता तो, कळलं नाही तुला?"

"हसलो की," तो म्हणाला. "पर मला वाटलं, सर कदीच कुनाला काई मागत न्हाईत. पैल्यांदा मागितलं."



यादी गेली. गोलकीपरच्या जागी पहिल्या वर्षाच्या एका उंच पोराचं नाव आहे, ज्याला चेंडू आला की डोळे मिटायची सवय आहे. स्पर्धेला तीन आठवडे राहिलेत. कुणी विचारलं, यंदा काय आशा आहे, तर मी सांगतो, बघू. जुनी टीम आहे, तारीख बरी आहे, बघू.

तो मात्र रोज येतो. हातमोजे त्यानं नव्या पोराला दिलेत. स्वतः गोलच्या मागं, त्या माशांच्या जाळ्यापलीकडं उभा राहतो आणि ओरडतो, "डोळे कावून मिटतो बे? बघ चेंडूकडं! टरबूज समज, फुटलं तर मालक शिव्या देतंय!" पोरं हसतात. काल त्या नव्यानं एक चांगला झेल घेतला, तेव्हा सगळ्यांच्या आधी टाळी जाळ्यापलीकडून आली.

निघताना तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "आवंदा जिंकू सर आपन एक."

मी हो म्हणालो, आणि चेंडू गोळा करायला वाकलो. चेंडू दोनच होते, तरी मला बराच वेळ लागला.