मागच्या भिंतीकडची हवा

माझ्या नवऱ्याला माझ्याबद्दल जवळजवळ सगळं ठाऊक आहे. कॉलेजात मी एकदा कॉपी केली होती, सासूबाईंचं कानातलं माझ्या हातून हरवलं आणि मी ते मोलकरणीवर ढकलायला निघाले होते — तेही. हे तेवढं ठाऊक नाही. आईला नाही, भावाला नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि गया अक्काला तर मुळीच ओळखत नाही. गिरणीचं नाव गाळते. बीड जिल्ह्यातली एक सहकारी सूतगिरणी, एवढं पुरे.

गया अक्का माझी चुलत बहीण. माझ्याहून बरीच मोठी. आमच्या घरी मेंढरं होती. वर्षातले कितीतरी महिने आईवडील कळपामागं, गेवराईकडं, गोदावरीच्या काठानं. मग मला शाळेला ठेवायचं कुठं? अक्कानं ठेवून घेतलं. तिचं घर गिरणीपासून जवळ, दोन खोल्यांचं. दाजी टमटम चालवायचे, अक्का गिरणीत सायडर होती. रिंगफ्रेम म्हणून एक लांबलचक मशीन असतं, धाग्याला पीळ देऊन कांडीवर गुंडाळणारं. त्याच्या बाजूनं सतत फिरायचं, धागा तुटला की चालत्या मशीनवरच तो सांधायचा — ते काम करणारीला सायडर म्हणतात. अक्का चांगली सायडर होती. मी तिच्या घरी दहावी केली, तिथूनच डिप्लोमा केला. इन्स्ट्रुमेंटेशनचा. आणि डिप्लोमा झाल्यावर मला हाताला धरून मॅनेजरसाहेबांपुढं कुणी उभं केलं? अक्कानंच. "साहेब, पोरगी हुशार हाय. तुमच्या नव्या मशीनीला हात लावू द्या तिला," म्हणाली.

नवं मशीन म्हणजे खरं तर मशीन नव्हतं. जुन्याच रिंगफ्रेमना सेन्सर बसवायचे होते. प्रत्येक चातीवर, म्हणजे कांडी फिरवणाऱ्या दांडीवर, एक बारका डोळा — धागा तुटला की त्याला कळायचं, कधी तुटला, किती वेळानं सांधला, सगळं. छताला हवेतला ओलावा मोजणारे सेन्सर. हे सगळं एका कॉम्प्युटरवर गोळा व्हायचं आणि महिन्याच्या शेवटी तो स्वतःच सांगायचा, कुठल्या बाजूला धागा जास्त तुटला आणि कशामुळं. मशीनमुळं, हवेमुळं, की माणसामुळं. चेअरमनसाहेब मुंबईत असले तरी मोबाइलवर बघू शकायचे.

या गोष्टीचं बायकांना किती अप्रूप होतं, ते सांगायला हवं. गिरणीत तोवर कुणाला कुठली बाजू, कुणाला सुट्टी, कुणाला घरी बसवायचं — सगळं वशिल्यावर चालायचं. कुठल्या संचालकाच्या गावची, कुणाच्या भावकीतली, यावर. मी बायकांना समजावून सांगितलं होतं. सगळ्यांना एकत्र बसवून, डबा खायच्या सुट्टीत. मीच म्हणाले होते, "मशीन कुणाच्या बाजूचं नसतं. ते फक्त मोजतं." आणि अक्का माझ्याकडं बघत होती — कशी, ते मला अजून आठवतं.

मी मुद्द्यावर येत नाहीये. येते.

सेन्सर बसवायला कोइमतूरकडचा इंजिनिअर आला होता. ओलाव्याच्या सेन्सरांपैकी मागच्या भिंतीकडचे दोन, प्रवासात आपटून आलेले. तो म्हणाला, नवीन पाठवतो. पासवर्ड माझ्या हाती दिला आणि गेला. इकडं उद्घाटनाची तारीख ठरलेली. जिल्ह्यातल्या इतर संस्थांचे पाहुणे येणार, मंडप घातलेला. आणि मोठ्या स्क्रीनवर गिरणीच्या नकाशात मागच्या भिंतीला दोन लाल चौकोन, आत काहीच नाही. मॅनेजरसाहेब मला म्हणाले, "हे असं बरं दिसत नाही." एवढंच म्हणाले. काय कर, ते त्यांनी सांगितलं नाही. ते मी केलं. त्या दोन चौकोनांत मी हातानं आकडा टाकला — साठ. साठ टक्के ओलावा. धाग्याला जसा लागतो तसा. चौकोन हिरवे झाले. टाळ्या वाजल्या. माझा सत्कार झाला, शाल, नारळ. अक्का मागं उभी राहून रडत होती.

हे पाप होतं का? तेव्हा वाटलं नाही. तात्पुरतं होतं ना. नवीन सेन्सर आले की काढायचंच होतं. इथवर मी तुमच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलू शकते. यापुढं — यापुढं जड जातं.

त्या वर्षी दुष्काळ पडला. आमच्याकडं दुष्काळ काही नवा नाही, पण तो वेगळा होता. माजलगावचं धरण तळाला गेलं. गिरणीची बोअर आटली. सूतगिरणीला पाणी कशाला लागतं, असं तुम्हाला वाटेल. हवेला लागतं. मोठ्या पंख्यांपुढं पाण्याचे फवारे मारून ती ओली हवा खात्यात, म्हणजे मशीनं चालतात त्या हॉलमध्ये, सोडायची असते. हवा कोरडी पडली की कापूस ताठरतो आणि धागा तटातटा तुटतो. टँकरचं पाणी पुरेना, म्हणून फवारे निम्मे बंद केले. पुढं, पंख्यांजवळ, हवा जरा बरी असायची. मागच्या भिंतीकडं नुसता फुफाटा. अक्काची बाजू मागच्या भिंतीकडं होती.

तिथल्या बायका ओरडायला लागल्या. एक सांधावा तर दोन तुटतात. मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं, स्क्रीनकडं बोट केलं. हवा — हिरवी. मशीन — हिरवं. मग उरलं काय? माणूस. त्या रांगेतल्या सगळ्या बायकांची नावं लाल.

नवीन सेन्सर तोवर आले होते. होय. हेच ते. खोक्यात, माझ्या टेबलाच्या खणात. बसवायला अर्धा दिवस पुरला असता. पण बसवले असते तर आकडा साठवरून एकदम खाली आपटला असता आणि कुणीतरी विचारलं असतं, काल साठ होता, आज हे काय? मग इतके महिने काय होतं? मग तो सत्कार, ती शाल? गिरणीत खात्यावर अधिकारानं बोलणारी मी एकटी बाई होते. मेंढक्याची पोर. पहिली चूक दिसली की हे लोक काय म्हणतील, ते मला बोलून न दाखवताही ऐकू यायचं. मी खण लावून घेतला.

आणि हे मी स्वतःला कसं समजावलं? ती कारणं आज तुमच्यापुढं मांडली तर ती सबब होईल. सांगत नाही.

कापूस येईना, पाणी नाही. संचालकांनी एक पाळी बंद करायचं ठरवलं. म्हणजे बायका कमी करायच्या. चेअरमनसाहेबांनी सभेत माइकवरून सांगितलं की यावेळी कुणाची चिठ्ठी चालणार नाही, कुणाचा फोन चालणार नाही. मशीन सांगेल तसंच होईल. लोकांनी मान डोलावली. न्याय झाल्यासारखं वाटलं सगळ्यांना. मागच्या रांगेतल्या बायका गेल्या. सगळ्याच्या सगळ्या.

अक्का माझ्याकडं आली, पाळी सुटल्यावर, दुपारी. मी एसीच्या खोलीत बसलेले — कॉम्प्युटरला गारवा लागतो म्हणून तेवढा एसी चालू असायचा. ती दाराशी चपला काढून आत आली. माझ्या खोलीत, चपला काढून. भांडायला आली असती तर? मी कदाचित सगळं सांगून टाकलं असतं. ती भांडली नाही. म्हणाली, "सुमे, माजं नाव कावून आलं गं त्यात? मला तर वाटतंय तिकडं हवाच लई कोरडी हाय. घसा सुकतोय उभं राहून. तुझ्या मशीनला जरा इचार की."

मी स्क्रीन तिच्याकडं वळवली. तिला वाचता येत होतं. मी बोटानं दाखवलं — तो आकडा, जो मी टाकला होता — आणि म्हणाले, "हवा बरोबर आहे अक्का. साठ आहे बघ."

ती बराच वेळ बघत राहिली. मग स्वतःच्या हातांकडं बघितलं. उलटेपालटे करून, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. आणि म्हणाली, "मग माजाच हात गेला म्हणायचा. वय झालं आता."

तिचं वय काय होतं? चाळिशी गाठली नव्हती.

खण माझ्या गुडघ्याला लागत होता. ती दाराशी गेली, चपला घातल्या, जाताना म्हणाली, "तू नको जिवाला लावून घेऊ. तुजं काम तुला करायलाच पायजे."

यानंतर तिनं काय केलं, ते मला आईकडून कळलं, आणि तेच मला सगळ्यात जास्त छळतं. नोकरी गेली ती गेलीच. पण ती परळीला गेली, डोळ्यांच्या डॉक्टरकडं. हात नाही तर नजर गेली असेल, म्हणून. डॉक्टर म्हणाला, डोळ्यांना काही झालेलं नाही. तिचा विश्वास बसेना. दुसरा डॉक्टर बघितला. तोही तेच म्हणाला. मग तिनं ठरवलं, हातच. पोरीची झंपर शिवायची ती, ते सोडलं. शेजारणी सुईत दोरा ओवून मागायला यायच्या, तर म्हणायची, "माज्याकडनं न्हाई व्हायचं बाई, माजा हात गेला." दाजींची टमटम डिझेलला पैसे नाहीत म्हणून उभी होती. त्या दिवाळीनंतर दोघं कोयत्याला गेली, ऊसतोडीला. अक्का त्याआधी कधीच गेली नव्हती; गिरणी होती म्हणूनच गेली नव्हती.

पुढच्या पावसाळ्यात मी सेन्सर बसवले. हवाच ओली होती; आकडा जरासा हलला, कुणाचं लक्षही गेलं नाही. किती सोपं होतं बघा. पाळी पुन्हा सुरू झाली तेव्हा नव्या पोरी भरल्या, स्वस्तातल्या. मला बढती मिळाली. तिच्या जोरावर पुढं पुण्याकडं नोकरी मिळाली. आता मोठ्या कारखान्यांत जाऊन, त्यांची मशीन दाखवतात ते आकडे खरे की खोटे, हे तपासायचं माझं काम आहे. लोक माझ्या सहीवर भरवसा ठेवतात.

अक्का मला मध्यंतरी दिंद्रुडला भेटली, एका भाचीच्या साखरपुड्यात. बारीक झाली होती, काळवंडली होती. मनगटाला कोयत्याचा वण. मला बघून धावत आली, गालावरून हात फिरवले, आणि बायकांच्या घोळक्यात ओढत घेऊन गेली. मी मनाशी ठरवून गेले होते — आज सांगायचं. शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते, गाडीत. ती बायकांना सांगायला लागली, "ही आमची सुमी. ह्या पोरीचं काय सांगू तुमाला! गिरणीत मशीन हिच्या हातात होतं. माजं नाव आलं कमी करायच्यात. दुसरी कुणी असती तर बहिणीचं नाव गुपचूप काढलं असतं. हिनं न्हाई काढलं. म्हणाली, जे हाय ते हाय. आपल्यात असं खरं माणूस झालं न्हाई कुणी."

बायकांनी माझ्याकडं बघितलं. एका म्हातारीनं माझी अलाबला घेतली.

मी काय केलं? हसले. खाली बघून हसले. त्यांना तो माझा विनय वाटला. मग कुणीतरी पोह्यांच्या बश्या आणल्या आणि मी पोहे खाल्ले. अक्का माझ्या शेजारी बसली होती, मांडीला मांडी लावून. दुसरी बशी मला आग्रह करून तिनंच दिली. निघताना मी तिच्या पाया पडले, आणि गाडीत बसले.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. अक्का आहे. गुडघे दुखतात म्हणते. तिचा फोन येतो, सणावाराला. मी उचलते, बोलते, मुलांचं विचारते. तिचे हात चांगले होते. तिला हे कुणी सांगितलेलं नाही. मी सांगितलेलं नाही.