सरावावर गेलेला नवरदेव

समस्त गेवराई तालुक्यास गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, दोन देशांच्या नौदलांचा संयुक्त सराव सुरू झाल्याने उमापुरातली एक सोयरीक धोक्यात आली आहे.

सराव समुद्रात, धोका माझ्या बहिणीच्या ओसरीवर. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, नौदलात आहे. मुलीकडचे त्याला बघायला येणार, त्याच्या दोन दिवस आधी त्याची सुट्टी रद्द झाली, युद्धनौका सरावाला निघाली आणि फोन बंद झाला. पाहुणे मात्र ठरल्या वेळी बीडहून हजर. मुलाऐवजी दाखवायला माझ्याकडे सरावाच्या बातमीचा व्हिडिओ तेवढा होता. त्यात आठ-दहा जहाजं एका रांगेत, सगळी राखाडी, सगळी सारखी. मी सगळ्यात पुढच्या जहाजावर बेधडक बोट ठेवलं. "हे आपलं!"

मुलीच्या वडिलांनी चष्मा वर सरकवला. "मामा, ह्याच्यावर झेंडा तर दुसऱ्याच देशाचा हाय."

"पाहुण्यांना पुढं बसवलंय!" मी म्हणालो. सगळे हसले. मला वाटलं, जिंकलो.

मग त्यांनी हळूच विचारलं, "लग्नानंतर पोरगा घरी किती राहील?"

"सुट्ट्या लई असतात हो," मी सुरुवात केली. चहा देणाऱ्या बहिणीचा हात जागीच थांबला. मी डोळे वटारले, पण तिला गप्प करणं मला लहानपणापासून कधी जमलेलं नाही.

"कशाच्या सुट्ट्या, दादा! पोटच्या लेकराला बघून मलाच वरीस झालंय!"