टिंग वाजली की हात थांबतो

बाबा सरकारी कचेरीत जन्मभर टायपिस्ट. दुसऱ्यांचे अर्ज आणि खुलासे बडवण्यात नोकरी गेली. आता त्यांना स्वतःच्या आठवणी लिहायच्या होत्या, पहिल्यांदाच स्वतःचा मजकूर! मी नागपूरहून सुट्टीवर त्यांच्याकडे आले होते. ओमतीच्या बाजारातून एक जुना कॉम्प्युटर आणला आणि कामाला लागले.

बाबांचा हात थरथरायचा. माऊस हातात नुसता नाचायचा, बाण चिन्हावर टेकायचाच नाही. कीबोर्डवर मात्र तीच बोटं शहाण्यासारखी वागत. म्हणून मी शॉर्टकट लावून दिला: कंट्रोल धरून एफ-नाईन दाबलं की लिहायची खिडकी उघडणार. मी स्वतःवर जाम खूश!

बाबांनी दाबलं. काही नाही. मग जोरात दाबलं. अक्षर उमटलं नाही तर कळ आणखी जोरात हाणायची, ही टाइपरायटरवरची सवय. मशीन होतं म्हातारं, उघडायला वेळ घ्यायचं. माऊसने उघडलं की बाणाशेजारी वाळूचं घड्याळ तरी दिसायचं. शॉर्टकटला तेही नाही. बाबा हाणत राहिले आणि एकदम नऊ खिडक्या धडाधड उघडून मशीन ठप्प झालं.

"थांबा ना बाबा, ते उघडून राहिलं होतं!"

"मले कसं समजावं? त्यानं काही बोलावं तर! जाऊ दे, हे आपल्या बस की बात नाही. उद्या जाशील तर घेऊन जा हे."

मला रागच आला. नाचता येईना अंगण वाकडं, असं ओठांवर आलंही होतं. पण अंगण खरंच वाकडं होतं की! हाक मारल्यावर माणूस निदान 'ओ' तरी देतो.

आणि मला सुचलं! पलंगाखालचा बाबांचा टाइपरायटर ओढून काढला. ओळ संपत आली की त्याची घंटी वाजते, ती फोनवर रेकॉर्ड केली. शॉर्टकट दाबल्याबरोबर आधी घंटी वाजेल आणि मग खिडकी उघडेल, अशी जोडणी करायला अख्खी दुपार गेली. चहा गार झाला, पण शेवटी जमलं!

"बाबा, एकदाच दाबा."

टिंग!

बाबांचा डावा हात आपोआप वर उठला आणि नवी ओळ घ्यायचा, इथे नसलेला दांडा ढकलून आला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ते हसले, आणि तेवढ्यात खिडकी उघडलीसुद्धा. तरी, "उद्या तू नसशील, तवा पाहू," म्हणालेच.

दुसऱ्या दिवशी माझी बस गावाबाहेर तिलवाऱ्याच्या पुलावर होती, तेव्हा घरून फोन आला. मी हॅलो म्हणायच्या आत पलीकडे टिंग वाजली. मग दुसरी टिंग काही आली नाही. मीही श्वास धरून थांबले.

"उघडली, बेटा," बाबा म्हणाले. "एकच."