पाकळी पडण्याआधी

नोट हातात आली की नागू ती आधी तळहातावर लावून बघायचा. पाचाची बोटाच्या मुळाशी संपायची, दहाची पहिल्या पेराजवळ, विसाची त्याच्या जरा पुढं. ट्रकवाले हसायचे. एकदा एकजण म्हणाला, "नागू, तिचं माप घिऊन झंपर शिवणार हायस काय?" नागूही हसला होता. नोट मऊ पडलेली असली, कोपरे झिजलेले असले, की मापाचा उपयोग नसायचा. मग देणाऱ्याच्या तोंडावर विश्वास ठेवायचा. आणि तोंड तर दिसत नव्हतं.

रामनगरच्या बाहेर, गोव्याच्या रस्त्याला, मारुतीअण्णांची खाणावळ होती. तिच्या बाजूला त्यांच्याच जागेत गाड्या धुण्याचा रॅम्प होता. विहीर, मोटार, लांब रबरी पाइप आणि दगडी चढ. तो नागू चालवायचा. आधी तो ट्रक चालवायचा. दोन वर्षांपूर्वी पाठ धरली म्हणून त्यानं स्टेअरिंग सोडलं, असं सगळ्यांना माहीत होतं. पाठीला काही झालेलं नव्हतं. बेळगावच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येणार नाही. कडेकडेनं अंधार आत सरकत होता. आता समोरचं एवढंसं दिसायचं, पाइपच्या भोकातून बघावं तसं, आणि उन्हात तेवढंच. हे फक्त त्याच्या बायकोला, केशरला, ठाऊक होतं.

पहिल्या वर्षी तो गाड्या स्वतः धुवायचा. चाकांच्या आतला चिखल राहायला लागला, ड्रायव्हर टोमणे मारायला लागले. मग एक दिवस त्यानं पाइप एकाच्या हातात दिला आणि म्हणाला, तुमची गाडी, तुमचा हात, पैसे निम्मे. लोकांना ते आवडलं. गोव्याला निघालेले कारवाले तर पँटी वर दुमडून पोरांसारखे पाणी उडवायचे. मारुतीअण्णा चारचौघांत सांगायचे, डोकं बघा आमच्या नागूचं.

सकाळी केशर पैशाच्या डब्याजवळ बसायची. पण श्रावणात नंदिगड्ड्याला तिच्या आईनं अंथरूण धरलं आणि केशर तिकडं गेली. नागू एकटा उरला. पंधरा दिवसांत त्यानं तीनदा विसाऐवजी दहा घेतले आणि एकदा दहाऐवजी कसलासा छापील कागद. त्यानं रात्रंदिवस एकच विचार केला आणि त्याला पितळी बिल्ला सुचला. खाणावळीच्या गल्ल्यावर पैसे द्यायचे, बिल्ला घ्यायचा, रॅम्पवरच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा. पितळ पत्र्यावर वाजतं. वाजलं की मोटार चालू करायची, दहा मिनिटांनी बंद. त्याला काहीच बघावं लागणार नव्हतं.

तो हे सांगायला गेला त्याच दिवशी खाणावळीत बेळगावचा एक एजंट मशीन घेऊन बसला होता. लोखंडाची सपाट पाटी, वर सरकणारी मूठ. पाटीत गिऱ्हाइकाचं कार्ड ठेवायचं, वर कार्बनची पावती, मूठ खरकन् सरकवायची, कार्डाचे आकडे पावतीवर उमटतात. गिऱ्हाइकानं सही करायची, पैसे नंतर बँकेत. शहरातले लोक आता रोख बाळगत नाहीत, एजंट म्हणाला. जेवण आणि धुलाई एकाच पावतीवर. अण्णांचे डोळे चकाकले असणार. आवाजावरून तसं वाटत होतं. मशीन आठ दिवस वापरून बघायला ठेवायचं ठरलं, आणि तेही रॅम्पवर, कारण गाड्या तिथं थांबत होत्या.

नागूनं नमुन्याचं कार्ड हातात घेतलं आणि दचकला. आकडे वर आलेले होते. त्यानं अंगठा फिरवला. चार, पाच, दोन. दुपारी रॅम्पवर कोणी नसताना तो बसून ते कार्ड वाचत राहिला. सोळाच्या सोळा आकडे. दोन वर्षांत त्यानं स्वतःच्या बळावर वाचलेली ती पहिली गोष्ट होती. दोन दिवस त्याला वाटलं, हे आपल्यासाठीच आलंय.

तिसऱ्या दिवशी एजंटनं एक पातळ पुस्तिका आणून दिली. चोरीच्या, बंद झालेल्या कार्डांचे आकडे, मुंगीएवढ्या अक्षरात, पानामागून पान. प्रत्येक कार्ड यात बघूनच घ्यायचं, नाहीतर भुर्दंड दुकानदाराला. नागूनं पुस्तिका उन्हात धरली. डोळ्यांजवळ आणली. पान नुसतं करडं होतं.

त्यानंतर तो बिल्ल्यावर अडून बसला. अण्णांनी समजावलं, मग चिडले, मग थट्टा केली, की जग पुढं चाललंय आणि हा पितळ वाजवत बसणार. नागूकडं द्यायला कारण नव्हतं. खरं होतं ते सांगितलं असतं तर त्याच संध्याकाळी रॅम्पवर दुसरा माणूस आला असता. शेवटी अण्णांनीच म्हटलं, देवीला विचारू. सोमवारी सातेरीला कौल लावू. ती म्हणेल ते तुलाही मान्य, मलाही.

गावात नाही म्हणायची सोय नव्हती. जमिनीच्या बांधापासून लग्नापर्यंत सगळं सातेरी ठरवायची. गुणा गुरव देवीच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायचा, एक उजवीकडं, एक डावीकडं. जी आधी पडेल तो कौल. आणि रीत अशी, की ज्याचं मागणं त्यानंच पुढं होऊन पडलेली पाकळी उचलायची.

सोमवारी गाभाऱ्यात समईचा डाग तेवढा नागूला दिसत होता. बाकी काळोख. गुणानं गाऱ्हाणं घातलं, उजवी बिल्ल्याची, डावी मशिनीची. मग सगळे गप्प झाले. कुठंतरी पाणी ठिबकत होतं. नागू कान देऊन उभा राहिला. पाकळी पडल्याचा आवाज होत नाही, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं. लहानपणापासून तो कौल बघत आला होता आणि बघणं सोडून त्याला त्यातलं काहीच येत नव्हतं.

शेजारी अण्णांनी श्वास सोडला. गुणाच्या हातातलं कडं वाजलं. पडली, नागूला वाटलं. आता थांबलो तर दिसत नाही हे सगळ्यांना कळेल. तो वाकला, उजव्या बाजूला हात नेला, बोटांना तांदळाचे दाणे लागले, ओलसर दगड लागला आणि मग एक पाकळी. त्यानं ती कपाळाला लावली आणि हात वर केला.

"बिल्ला," तो म्हणाला.



"नागू," गुणा हळू म्हणाला, "ती कालची हाय. दोन्ही अजून वरच हायत."

अण्णांचा आवाज थंड होता. "देवीसमोर, नागू? मला फसवलं असतंस तर चाललं असतं. हिला?"

नागूच्या हातात शिळी पाकळी होती. लबाड म्हणवून घेतलं तर रॅम्प कदाचित राहिला असता. अण्णा चार दिवस बोलले नसते आणि विसरले असते. पण या गावात देवीला फसवणाऱ्याच्या दारात कोणी पाणी पीत नाही. केशरलाही त्याच दारात परत यायचं होतं.

"मला दिसत न्हाई, अण्णा," तो म्हणाला. "पडली का न्हाई, मला कळलं न्हाई."

"कधीपासनं?"

"दोन वर्सं."

मग अण्णा स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "म्हंजे ते, तुमची गाडी, तुमचा हात…"

"व्हय."

गुणानं नागूचा खांदा धरला. "पडली," तो म्हणाला. "डावी." मग त्यानं नागूचा हात धरून पाकळीपर्यंत नेला. रीत मोडायची नव्हती.

परतताना अण्णा पुढं चालत होते. वळणावर ते थांबले. मशीन बसणार, त्यांनी सांगितलं, आणि त्याच्यावर डोळ्याचा माणूस पाहिजे. केशरला निरोप धाडतो, ती बसेल. तिची आई सोडून तिला यावं लागेल, हे दोघांनाही माहीत होतं.

"आन् मी?" नागूनं विचारलं.

"तू ये की. बसायला."

आता केशर मशिनीजवळ बसते. नागू शेजारच्या दगडावर असतो. पाइप लोक धरतात, मोटारीचं बटण केशरच्या हाताशी आहे. कारवाल्यानं कार्ड दिलं की ती ते आधी नागूच्या हातात ठेवते. तो अंगठा फिरवतो आणि एकेक आकडा मोठ्यानं सांगतो, आणि तो पुस्तिकेत नाही ना, हे ती बघते. कारवाले थांबतात, कंटाळतात, घड्याळ बघतात. केशर चौथी शिकलेली आहे, आकडे तिला येतात. कार्ड त्याच्या हातात द्यायची काही गरज नाही.

हे नागूला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तरी तो सोळाव्या आकड्यापर्यंत जातो, कुठंही न चुकता, आणि मग तिच्या आवाजाची वाट बघतो.

"व्हय," ती म्हणते. "घ्या."